वर्गात आलेली शिल्पकार : रूथ असावा (१९२६–२०१३)

● जन्म : नॉरवॉक, कॅलिफोर्निया, आईवडील जपानहून आलेले शेतकरी.

● छावणीतले धडे : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना डांबले, तेव्हा कुटुंबाची रवानगी सान्ता अनिता रेसकोर्सच्या तबेल्यांतील छावणीत झाली. तिथे डिस्नेत काम केलेल्या बंदिवान चित्रकारांनी रूथना रेखाटन शिकवले.

● हुकलेली नोकरी : मिलवॉकीत शिक्षिकेचे शिक्षण घेतले, पण जपानी वंशामुळे सराव पाठ घेऊ दिले नाहीत. पदवी मिळाली थेट १९९८ मध्ये.

● ओळख : तारेने विणलेली, छताला टांगलेली शिल्पे. ही वीण १९४७ मध्ये मेक्सिकोत टोलुका इथे शिकल्या.

● शाळेत : १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अल्वाराडो प्राथमिक शाळेत सॅली वुडब्रिज यांच्यासह कला कार्यशाळा सुरू केली. साहित्य साधेच : पीठ, मीठ आणि पाणी मळून केलेला गोळा. मुलांनी आकार द्यायचा, ओव्हनमध्ये भाजला की टणक. शिकवायला मात्र स्वतः कला करणारेच हवेत, हा त्यांचा आग्रह.

● मुलांच्या हातचे : युनियन स्क्वेअरजवळच्या कारंज्यासाठी (१९७३) शाळकरी मुलांनीही पिठाच्या आकृत्या घडवल्या, त्या ब्राँझमध्ये ओतल्या गेल्या.

● वारसा : त्यांच्या प्रयत्नांतून १९८२ मध्ये शहरात सरकारी कलाशाळा उभी राहिली. २०१० पासून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.