रंगभूमीवरील स्त्रीवेष

कोल्हापुरांत खासबागेचें कुस्तीचें मैदान आणि केशवराव भोसले नाट्यगृह हीं दोन स्थळें एकमेकांस अगदीं लागून आहेत. दोन्ही राजर्षि शाहू छत्रपतींनीं उभारलीं. मैदान १९१२ सालचें. नाट्यगृह १९१५ सालीं ‘पॅलेस थिएटर’ या नांवानें सुरू झालें. एका बाजूस तांबड्या मातींत मल्ल शड्डू ठोकीत, तर दुसऱ्या बाजूस पुरुष नट शालू नेसून नायिकेचीं पदें गात. या शेजाराचें त्या काळीं कोणास नवल वाटलें नाहीं. पुरुषानें स्त्री होऊन दाखविणें ही मल्लविद्येसारखीच कष्टसाध्य विद्या आहे, हें रसिक जाणून होते.

या विद्येचा एक आधुनिक अवतार सध्यां ‘ड्रॅग’ या इंग्रजी नांवानें ओळखला जातो. वेगळ्या लिंगाचा वेष, चाल व वाणी कलेच्या हेतूनें, बहुधा अतिशयोक्तीनें रंगवून प्रेक्षकांपुढें मांडणें, हें त्याचें स्वरूप. येथें कोणाची फसवणूक नसते. समोर कोण उभें आहे हें प्रेक्षकांस पुरतें ठाऊक असतें. ठाऊक असूनहि तें विसरावयास लावणें यांतच कलावंताचें यश. ही कल्पना पश्चिमेकडून आयात झालेली नव्हे. शेक्सपिअरच्या नायिका मुलगेच करीत हें खरें. पण जपानांतहि १६२९ मध्यें स्त्रियांना काबुकी नाटकांतून बंदी झाल्यावर स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांची थोर परंपरा निर्माण झाली. उलट तेथील ताकाराझुका मंडळींत १९१४ पासून स्त्रियाच नायक होत आल्या आहेत.

महाराष्ट्रांत विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें, त्यांतील सीता पुरुषच होता. पुढें अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत नाटकांत भाऊराव कोल्हटकरांनीं आपल्या गळ्यानें नायिकेला नवें तेज दिलें. १९०५ सालीं त्याच मंडळींत नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, दाखल झाले. त्यांच्या बधिर होऊं लागलेल्या कानावर मिरजेस उपचार करविण्यांत आणि त्यांना नाटक मंडळींत धाडण्यांत शाहू महाराजांचा हात होता. केशवराव भोसले तर कोल्हापूरचेच. बालवयांत ‘शारदा’ नाटकांतील शारदेच्या भूमिकेनें त्यांनीं नांव मिळविलें आणि १९०८ सालीं हुबळीस ‘ललितकलादर्श’ मंडळी स्थापिली. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं ‘संयुक्त मानापमान’ झालें. त्यांत बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर झाले. शारदा गाजविलेला नट येथें नायक होऊन दुसऱ्या नटाच्या नायिकेवर अनुरक्त होता, आणि सभागृह त्या प्रणयांत रंगून गेलें होतें. पुढें तीन महिन्यांच्या आंतच केशवराव निवर्तले.

या कलेचें मर्म बालगंधर्वांच्या उत्तरायुष्यांत अधिक स्पष्ट दिसतें. वय वाढलें, शरीर स्थूल झालें, तरी त्यांची नायिका प्रेक्षकांस पटत असे. तेव्हां हा चमत्कार केवळ सुकुमार चेहऱ्याचा नव्हता. पदर सांवरण्याची रीत, नजर खालीं वळविण्याचा क्षण, शब्द उच्चारतांना होणारा किंचित् विलंब, अशा सूक्ष्म निरीक्षणांतून ती नायिका घडत असे. पुण्यामुंबईच्या घरंदाज स्त्रिया त्यांच्यासारखें लुगडें नेसूं लागल्या आणि तसाच गजरा माळूं लागल्या. स्त्रीकडून शिकलेलें पुरुषानें स्त्रीलाच परत शिकविलें. स्त्रीत्वाचा बराचसा भाग जन्मानें न येतां सरावानें येतो, हें याहून सोपेपणानें कोणीं सांगितलें असेल?

परंतु या वैभवाची दुसरी बाजू झांकून चालणार नाहीं. पुरुषांना नायिका व्हावें लागलें, कारण कुलीन स्त्रीला रंगभूमीचें दार बंद होतें आणि कलावंत घराण्यांतील स्त्रीला प्रतिष्ठा नव्हती. तें दार उघडण्यांतहि कोल्हापूरचा वांटा आहे. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटांत तारामती अण्णा साळुंके या पुरुषानें केली होती; पण नाटकांचे पडदे रंगविणारे बाबूराव पेंटर यांनीं १९२० सालीं कोल्हापुरांत ‘सैरंध्री’ काढला, तेव्हां त्यांत स्त्रियांना भूमिका दिल्या. १९३३ मध्यें ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकानें तीच वाट रंगभूमीवर रूढ केली. स्त्रीपार्टी नटाची गरज संपली, ती न्यायानेंच संपली.

तथापि गरज संपली म्हणून कला संपली नाहीं. ती तमाशाच्या बोर्डावर नाच्याच्या रूपानें उरली. येथें मात्र समाजाचा दुजाभाव उघडा पडतो. बालगंधर्वांस १९६४ मध्यें पद्मभूषण मिळालें. कोल्हापूरच्या गणपत पाटलांनीं तमाशापटांतून नाच्याची भूमिका अजरामर केली. पण घरसंसार असलेल्या या नटाच्या वांट्यास पडद्याबाहेर उपहास आला. शालू नेसलेल्या नायिकेस वंदन आणि कमरेवर हात ठेवणाऱ्या नाच्यास टवाळी, हा भेद कलेच्या प्रतीचा नव्हे. एक श्रीमंत नाट्यगृहांतला होता, दुसरा राहुटींतला. एकानें स्त्रीला देवता केलें, दुसऱ्यानें मर्दानगीचीच थट्टा केली. कागलच्या आनंद यादवांच्या ‘नटरंग’ कादंबरींतील गुणा हा कमावलेल्या शरीराचा शेतमजूर. राजा होण्याचें स्वप्न पाहणारा हा गडी फड जगावा म्हणून नाच्या होतो, आणि त्याची केवढी किंमत मोजतो! खासबाग आणि नाट्यगृह यांचा शेजार त्याच्या एकाच देहांत होता, पण तो गांवाला सोसला नाहीं.

येथें एक विवेक मात्र पाळावयास हवा. सौंदत्तीच्या यल्लम्मेचा जग डोक्यावर घेऊन लुगडें नेसणारा जोगत्या अथवा तृतीयपंथी व्यक्ति नाटक करीत नसते. तें तिचें जीवन असतें. नट रंग पुसून घरीं जातो, तिला तसें जातां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ मध्यें अशा व्यक्तींचा स्वतःची ओळख ठरविण्याचा अधिकार मान्य केला, आणि २०१८ मध्यें समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्काहि काढला. आजच्या ‘ड्रॅग’च्या मंचावर पुरुष, स्त्री, तृतीयपंथी असे सर्वच येतात. जुन्या स्त्रीपार्टीच्या पाठीमागें कोणाचा तरी बहिष्कार उभा होता. या मंचावर येण्यास कोणास मज्जाव असण्याचें कारण नाहीं. जुन्या विद्येंत पडलेली ही खरी सुधारणा होय.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशीं, त्यांच्या नांवाचें नाट्यगृह आगींत जळालें. कोल्हापूरकर हळहळले आणि पुनर्बांधणीचें काम हातीं घेतलें गेलें. वास्तूची दगडमाती पुन्हां रचतां येते. त्या रंगमंचावर उद्यां एखादा मुलगा शालू नेसून किंवा एखादी मुलगी फेटा बांधून उभी राहिली, तर शारदेच्या भूमिकेंतील त्या कोल्हापुरी पोराला मिळालें तेवढें अवधान आणि तेवढाच मान तिला वा त्याला द्यावयाचा कीं नाहीं, हें मात्र गवंड्याच्या हातीं नसून समोर बसणाऱ्यांच्या हातीं आहे.