फळांचे अदृश्य राखणदार

पाखरांपासून बाग राखता येते आणि चोरांपासूनही राखता येते. बागेला कुंपण घालावे, माचाणावर राखणदार बसवावा, गोफण फिरवावी. परंतु फळांचा एक शत्रू असा आहे की, त्याला कुंपण अडवू शकत नाही आणि गोफणीचा धोंडाही लागत नाही. तो शत्रू म्हणजे बुरशी.

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात निमगाव सावा हे गाव आहे. द्राक्षे, टोमॅटो आणि कांदा ही या तालुक्यातील महत्त्वाची पिके होत. द्राक्षवेलीची छाटणी ऑक्टोबरच्या सुमारास होते व त्यानंतर साधारणपणे चार महिन्यांनी घड काढणीस येतात. पण घड खुडला म्हणजे शेतकऱ्याची काळजी संपली, असे होत नाही. खुडलेले फळही जिवंत असते; त्याचा श्वासोच्छ्वास चालू असतो. मात्र वेलीकडून मिळणारे पाणी व अन्न आता बंद झालेले असते. त्यामुळे दिवसेंदिवस त्याची रोगाला तोंड देण्याची शक्ती क्षीण होत जाते.

हवेत बुरशीचे असंख्य बीजाणू तरंगत असतात. कात्रीचे टोक लागून मण्याला बारीकशी जखम झाली, की तेथून गोड रस पाझरतो. बीजाणूला तेवढे पुरेसे असते. तो रुजतो, त्यातून तंतू फुटतात आणि मणी सडू लागतो. राखी रंगाची एक बुरशी तर शीतगृहातील कडक थंडीतही हळूहळू वाढत राहते. एक नासका आंबा सगळी आढी नासवतो, ही म्हण द्राक्षांच्या पेटीलाही लागू पडते. अशा वेळी शेतकऱ्याचा हातातोंडाशी आलेला घास नाहीसा होतो.

या संकटावर काही उपाय पूर्वीपासून योजले जातात. फळे थंड जागी ठेवतात, द्राक्षांच्या पेटीत गंधकाचा वायू सोडणारे कागद घालतात, तसेच बुरशीनाशक औषधे वापरतात. परंतु औषधांचे अंश फळांवर राहिले, तर ते खाणाऱ्याच्या पोटात जातात. युरोपातील देश हे अंश तपासतात आणि ते मर्यादेबाहेर आढळल्यास माल नाकारतात. शिवाय एकच औषध वारंवार वापरले, तर त्याला दाद न देणारी बुरशी निपजते.

तेव्हा शास्त्रज्ञांनी काट्याने काटा काढण्याचे ठरविले. फळाच्या सालीवर केवळ शत्रूच राहतात असे नाही. अनेक निरुपद्रवी सूक्ष्मजीवही तेथे सुखाने नांदत असतात. त्यांच्यापैकी काहींना राखणदार नेमता येईल काय? १९८४ साली अमेरिकेत प्यूसी व विल्सन या शास्त्रज्ञांनी पीच वर्गातील फळांवर ‘बॅसिलस सबटिलिस’ नावाचे जिवाणू वापरले आणि त्या फळांची तपकिरी कूज आटोक्यात राहते, असे दाखवून दिले. पुढे १९९५ साली, काढलेल्या फळांवर वापरण्यासाठी एका यीस्टला तेथे रीतसर मान्यताही मिळाली. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ साली राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथेही ‘बॅसिलस’ जिवाणू आणि ‘ट्रायकोडर्मा’ ही उपकारक बुरशी यांवर संशोधन झाले आहे.

हे राखणदार आपले काम निरनिराळ्या रीतींनी करतात. यीस्ट फळाच्या जखमेवर झपाट्याने वाढते व तेथील रस संपवून टाकते. पंगतीतील सर्व पाने भरलेली असली, म्हणजे मागून आलेल्याला जागा मिळत नाही. तशीच बुरशीची गत होते. बॅसिलस जिवाणू बुरशीला मारक असे द्रव्य तयार करतात. ट्रायकोडर्मा तर शत्रूच्या तंतूंना विळखा घालून त्यांची भित्तिका विरघळविते. काही सूक्ष्मजीवांच्या सहवासाने फळाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी होते.

मात्र या राखणदारांच्या सामर्थ्याला मर्यादा आहेत. चोर घरात शिरल्यावर दार लावून काय उपयोग? बुरशी फळात खोलवर शिरल्यानंतर हे सूक्ष्मजीव सहसा तिला हुसकावू शकत नाहीत; त्यांना आधीच पहाऱ्यावर बसवावे लागते. ते सजीव असल्यामुळे उष्णतेने किंवा अयोग्य साठवणीने मरूनही जातात. शिवाय प्रयोगशाळेत मिळालेले यश प्रत्येक बागेत तसेच मिळेल, याची खात्री नसते. म्हणून थंड साठवण आणि स्वच्छता यांची जोड त्यांना द्यावीच लागते.

घड हलक्या हाताने खुडणे, फुटलेले मणी वेचून टाकणे, पेट्या न आपटता उचलणे ही कामे कोणताही सूक्ष्मजीव करणार नाही. ती माणसानेच करावयाची असतात. जेथे फळाला जखमच होत नाही, तेथे शत्रूला शिरण्याची वाट सहसा सापडत नाही. आणि एखादी बारीक जखम नजरेतून सुटलीच, तर तिच्यावर पहारा ठेवण्यासाठी हे अदृश्य राखणदार उपयोगी पडतात.