हुशार पोरांचं पुढे काय होतं?

‘पोरगं लय हुशार हाय, पण बूड टेकत नाय.’ इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याच्या पारावर काय, किंवा बारामतीच्या एस.टी. स्टँडवर काय, हे वाक्य हमखास कानावर पडतं. अर्धं कौतुक, अर्धी तक्रार. पोरगं पावकी-निमकीचा हिशेब तोंडी करतं, नुसत्या आवाजावरून ट्रॅक्टर कुठल्या कंपनीचा ते सांगतं. पण वही शाळेत विसरतं, पेपरातला शेवटचा प्रश्न सोडून येतं आणि चार कामं हातात घेऊन एकही तडीला नेत नाही. घरचे म्हणतात, मोठा झाला की सुधारेल. गुरुजी म्हणतात, लक्ष नाही. तेवढ्यावर विषय मिटतो.

मानसशास्त्र मात्र तो तेवढ्यावर मिटवत नाही. बुद्धी वेगळी आणि बुद्धीला कामाला जुंपणारी क्षमता वेगळी, असं ते सांगतं. या दुसऱ्या क्षमतेला ‘एक्झिक्युटिव्ह फंक्शन’ म्हणतात. अॅडेल डायमंड या संशोधिकेने तिचे तीन पाये मांडले आहेत: मनातली उडी आवरणं, हातातली माहिती डोक्यात धरून तिच्यावर काम करणं आणि गरज पडली की विचाराची दिशा बदलणं. नियोजन, वेळेचा अंदाज, चिकाटी हे सगळं या तीन पायांवर उभं राहतं. कपाळामागचा मेंदूचा जो भाग हे काम मुख्यतः पाहतो, तो पक्का व्हायला विशी उलटावी लागते. हुशार पोराचा घोटाळा इथेच होतो. सहावी-सातवीपर्यंत सगळं नुसत्या डोक्यावर निभावतं, त्यामुळे नियोजन करायची वेळच येत नाही. आठवी-नववीत अभ्यासाचा डोंगर समोर येतो आणि तो चढायची सवय पायांना नसते.

हे पाहायचं असेल तर प्रयोगशाळा लागत नाही. चार स्केचपेन घ्या. ‘लाल’ हा शब्द हिरव्या रंगाने लिहा, ‘निळा’ पिवळ्याने, ‘हिरवा’ लाल रंगाने. मग पोराला म्हणा, शब्द वाचायचा नाही, नुसता रंग सांगायचा. जॉन रिडली स्ट्रूपने १९३५ साली प्रसिद्ध केलेली ही चाचणी आहे. शिष्यवृत्तीचा पेपर घड्याळाच्या पुढे धावत सोडवणारं पोरगंही इथे अडखळतं, कारण वाचन आपोआप होतं आणि ते थांबवायला जोर लावावा लागतो. दुसरी गंमत पत्त्यांची. आधी लाल-काळे वेगळे करायला लावा आणि मध्येच ‘आता आकड्याप्रमाणे लाव’ म्हणा. हात जुन्याच ढिगाकडे जातो. मात्र हे खेळ घोकून घेतले म्हणून पोरगं दप्तर भरायला शिकत नाही. डायमंड यांनीही हे बजावलं आहे: खेळाच्या सरावाने मुख्यतः त्या खेळातच प्रगती होते. खरी वाढ व्हायची तर मुलाला मनापासून हवं असलेलं, हळूहळू अवघड होत जाणारं खरं काम द्यावं लागतं. झोप, एकटेपणा आणि घरातला ताण यांचाही हिशेब त्यात धरावा लागतो.

अमेरिकेत यासाठी कोच असतात. आठवड्यातून एकदा बसायचं, दप्तर उघडायचं, कामाचे तुकडे पाडायचे, प्रत्येकाला किती वेळ लागेल याचा अंदाज लिहायचा आणि खरा किती लागला ते शेजारी मांडायचं. तिथली मराठी घरंही हा खर्च करतात. पण हे शास्त्र शब्दांत बांधलं जाण्याच्या कितीतरी आधी पुण्याच्या सदाशिव पेठेत एका माणसाने वेगळ्या वाटेने तिथवर मजल मारली होती.

वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, तेव्हा ती शाळा नव्हती. वेगवेगळ्या शाळांतली निवडक हुशार मुलं शाळेव्यतिरिक्तच्या वेळात इथे येत आणि पाठ्यपुस्तकाच्या पलीकडचं शिकत. पूर्ण वेळेची प्रशाला १९६९ची. बुद्धी जागवायची ती समाज बदलण्यासाठी, ही अप्पांची भूमिका होती. हुशार मुलाच्या हुशारीवर समाजाचंही देणं असतं, असं ते मानत. १९८३ साली अप्पा गेले. संस्था वाढत राहिली. निगडी, सोलापूर, अंबाजोगाई अशी केंद्रं झाली. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या हराळीला निवासी शाळा उभी राहिली आणि तिथे पोरं अभ्यासाबरोबर शेतातही राबू लागली.

प्रशालेत प्रवेश पाचवीला, तोही बुद्धिमापन चाचण्यांमधून. या चाचण्यांमागे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांचा विचार आहे. बुद्धी म्हणजे एक आकडा नव्हे, असं गिलफर्ड म्हणत. पाच प्रकारच्या क्रिया, चार प्रकारचा आशय, सहा प्रकारची फळं, मिळून १२० क्षमता, असा त्यांचा आराखडा होता. प्रबोधिनीच्या मानसशास्त्र विभागाने तो आपल्याकडच्या मुलांसाठी चाचण्यांत उतरवला. त्यात डॉ. उषा खिरे यांचं काम मोठं. एकाच प्रश्नाला एकच बरोबर उत्तर शोधणारं मूल आणि त्याच प्रश्नाला दहा उत्तरं सुचवणारं मूल, दोघांनाही दाद मिळावी, हा त्यामागचा हेतू.

चाचणीपेक्षा मोलाचा मला वाटतो तो तिथल्या मुलांचा प्रकल्प. तो कसा चालतो हे एका कल्पित उदाहरणाने सांगतो. समजा, सातवीतल्या मुलीने विषय घेतला: ‘उन्हाळ्यात पुण्यातल्या रसवंतिगृहांना किती ऊस लागतो?’ मार्गदर्शक ताई हसत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. ‘पुण्यातली सगळी? किती दिवसांत?’ एवढंच विचारतात. पुणे आक्रसून एका रस्त्यावर येतं. मग प्रश्न लिहायचे. दुपारी बारा वाजता गेली तर मालक चरकापासून हलत नाही, ‘बाळ, संध्याकाळी ये’ म्हणतो, म्हणून वेळ बदलायची. मालक सांगतो रोज दहा मोळ्या, मागच्या बाजूला मोजल्या तर सातच दिसतात. कुणाचं खरं? दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो, मैत्रिणीचा विषय जास्त छान वाटायला लागतो. सगळ्यात मोठं शिक्षण त्या आठवड्यात होतं. ताई पुन्हा तेवढंच विचारतात: ‘पुढे काय ठरलंय?’ शेवटी अहवाल लिहायचा आणि सगळ्यांसमोर मांडायचा. आवर, धारणा, दिशाबदल, सगळं त्या ऊसमोजणीत येऊन गेलं.

जाता जाता: पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत आज ढोल-ताशा पथकांचा जो पूर लोटतो, त्याच्या उगमाशी शाळांची पथकं आहेत आणि त्यांत प्रबोधिनीचं नाव वरच्या रांगेतलं. बरची हे समूहनृत्य करताना शंभर पोरांना एका ठोक्यावर थांबायचं असतं. उडी आवरण्याचा याहून गोड सराव मला तरी माहीत नाही.

प्रबोधिनीवर टीका झाली आहे आणि ती सगळीच मत्सरातून आलेली नाही. पेठेतली, ठरावीक घरांतली मुलं निवडायची आणि त्यांच्यावर आणखी मेहनत घ्यायची, म्हणजे भरल्या ताटात वाढण्यासारखंच, असं म्हणणारे आहेत. माझी हरकत वेगळी आहे. चाळणी कितीही बारीक विणली तरी चाळणीच. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९२१ साली हजारावर प्रज्ञावान मुलं वेचून त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास मांडला. त्या चाळणीतून जी मुलं गळाली, त्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ होते. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

सरकारनेही वेचणीच जास्त केली. पूर्वी चौथी-सातवीची आणि मधल्या काळात पाचवी-आठवीला नेलेली शिष्यवृत्ती परीक्षा आहेच. १९८५-८६मध्ये हरियाणातल्या झज्जर आणि आपल्या अमरावतीपासून सुरू झालेली नवोदय विद्यालयं आहेत. नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, ही खरोखर मोठी गोष्ट. पण पुणे जिल्ह्यातलं नवोदय शिक्रापूरला, वरकुट्यापासून शंभरेक किलोमीटरवर, आणि सहावीला जागा ८०. दोन तासांत ८० प्रश्न. ज्याची निवड होत नाही, ते पोरगं दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात त्याच बाकावर असतं आणि त्याच्या हुशारीचं काय करायचं, हे कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं. ऊसतोडीच्या टोळीबरोबर भवानीनगर किंवा बिजवडीच्या कारखान्यावर आलेल्या कोप्यांमधल्या पोरांचं तर नावच निघत नाही. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि त्यांची शाळा मधेच तुटते.

आणि गंमत अशी, की प्रबोधिनी जे शहरात मुद्दाम घडवून आणते, त्याचा कच्चा माल इंदापूर तालुक्याच्या वावरात पडलेला आहे. बापाबरोबर रात्री दारं धरायला गेलेल्या पोराला विचारा. थ्री फेज लाईट किती वाजता येते, कितवी सरी भरत आली, बारं कधी मोडायचं, मधेच लाईट गेली तर पुन्हा कुठून सुरुवात. हे सगळं ते डोक्यात धरून असतं. फक्त त्याला कुणी सांगत नाही, की बाबा रे, हेच तू गणिताच्या वहीत करायचं आहेस.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष गुणवत्तेच्या मुलांसाठी शाळा, शाळा संकुल, जिल्हा अशा पातळ्यांवर विषयवार मंडळं काढायला सांगितलं आहे: विज्ञान मंडळ, गणित मंडळ, नाट्य मंडळ. कागदावर हे प्रबोधिनीच्या १९६२च्या रूपाच्या फार जवळ जातं. बारामतीत अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या आवारात २०२२ पासून विज्ञान आणि नवोपक्रमाचं केंद्रही उभं आहे. तिथे सहल काढाच, पण प्रत्येक पोराच्या खिशात त्याचा स्वतःचा एक प्रश्न लिहून द्या आणि परतल्यावर उत्तर मागा.

वरकुट्याच्या आणि आसपासच्या गावांतल्या गुरुजींना, बाईंना आणि शिकलेल्या दादा-ताईंना एक सुचवावंसं वाटतं. परीक्षेत पहिली आलेली पाच मुलं नकोत. जी धांदरट आहेत पण प्रश्न विचारून भंडावून सोडतात, अशी पाच घ्या. सहा आठवडे, आठवड्याला एक तास. विषय त्यांचा, वही त्यांची, मोजणी त्यांची: गावातले बंद पडलेले बोअर, उजनीचं पाणी उतरतं तेव्हा काय काय उघडं पडतं, एका एकराला खरोखर किती पाणी लागतं. तुम्ही फक्त ‘पुढे काय ठरलंय?’ विचारा आणि त्यांच्या वहीत स्वतः एक अक्षर लिहू नका. आणि सरपंचांनी एवढं करावं: ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावीच लागते, त्यांतल्या एका सभेत त्या पोरांना अहवाल वाचायला दहा मिनिटं द्यावीत.