कळीची प्रजाती : एका संज्ञेचा मागोवा

संख्येने वा एकूण वजनाने थोडी असूनही जिच्या असण्यानसण्यावर भोवतालच्या इतर अनेक जीवांचे टिकणे अवलंबून असते, अशा प्रजातीला परिस्थितिकीशास्त्रात ‘कीस्टोन’ किंवा कळीची प्रजाती म्हणतात. दगडी कमानीच्या माथ्यावर बसवलेला पाचरीच्या आकाराचा जो दगड निखळताच कमान ढासळते, त्याच्यावरून अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी १९६९ साली ही संज्ञा रूढ केली.

संज्ञेच्या आधी मात्र प्रयोग झालेला होता, आणि तिचे मोल त्या प्रयोगामुळेच आहे. वॉशिंग्टन राज्याच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील मक्कॉ उपसागरात, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खडकाच्या एका भागातून पेन यांनी १९६३ पासून तारामासे सातत्याने काढून टाकले व शेजारचा भाग तुलनेसाठी तसाच ठेवला. तारामासा हा तेथील प्रमुख भक्षक. तो नाहीसा होताच त्याचे भक्ष्य असलेले शिंपले खडकभर पसरले, इतरांना जागा उरली नाही आणि १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील प्रजातींची संख्या १५ वरून ८ वर आली. भक्षकामुळे विविधता घटत नसून टिकते, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दाखवले गेले होते.

पुढे १९७४ साली जेम्स एस्टिस व जॉन पाल्मिसानो यांनी अलास्काजवळच्या अल्यूशन बेटांवर समुद्री पाणमांजरांचे असेच स्थान दाखवून दिले : पाणमांजरे होती तेथे केल्प या महाकाय शैवालाची दाट वने होती आणि ती नव्हती तेथे काटेरी सागरी अर्चिनांनी ती वने फस्त केलेली होती. त्यानंतर संज्ञा इतकी लोकप्रिय झाली की कोणत्याही महत्त्वाच्या प्राण्याला वा वृक्षाला ती लावली जाऊ लागली. हा सैलपणा शास्त्राला घातकच होता. तेव्हा १९९६ साली मेरी पॉवर व सहकाऱ्यांनी, प्रजातीचा प्रभाव तिच्या विपुलतेच्या मानाने कितीतरी मोठा असला पाहिजे, ही अट नेमकेपणाने मांडली. त्यामुळे जंगल व्यापणारा वृक्ष कितीही प्रभावी असला तरी या व्याख्येत बसत नाही.

प्रजातीचे हे स्थान सर्वत्र सारखे नसते, हेही याच काळात उघड झाले. ओरेगॉनच्या लाटांचा मारा झेलणाऱ्या खडकांवर तारामाशाचा प्रभाव प्रबळ, तर आडोशाच्या जागी क्षीण आढळला. उष्णकटिबंधीय वनांत उंबर-वडाच्या कुळातील वृक्ष इतर फळे नसताना पशुपक्ष्यांना जगवतात म्हणून जॉन टेरबर्ग यांनी पेरूतील वनाच्या अभ्यासावरून १९८६ मध्ये त्यांना कळीचे ठरवले, पण गॅबनमधील वनात १९८९ साली तसे आढळले नाही. धनेश, हारीत व शेकरू यांना फळे पुरवणाऱ्या सह्याद्रीतील उंबरवर्गीय वृक्षांनाही हे बिरुद लावायचे, तर ते पेरूच्या दाखल्यावर नव्हे, येथील वनांतील निरीक्षणांवरच ठरवले पाहिजे.