कोलोनचं बरोक घराणं

जर्मनीत व्हायोलिन शिकून बाहेर पडणाऱ्या तरुणापुढे एक मळलेली वाट असते. मोठ्या शहरांना स्वतःचं ऑपेरागृह असतं आणि सार्वजनिक पैशावर चालणारा वाद्यवृंद असतो. निवड चाचणी द्यायची, उमेदवारीचा काळ काढायचा, मग निवृत्तीपर्यंत पगाराची काळजी नाही. १९७३ साली कोलोनच्या संगीत महाविद्यालयातल्या काही विद्यार्थ्यांनी ही वाट सोडली आणि ‘म्युझिका आंटिक्वा क्योल्न’ हा मोजक्या वादकांचा संच उभा केला. म्होरक्या होता राइनहार्ड ग्योबेल, विशीतला व्हायोलिनवादक.

असा संच चालवून पोट भरेल असं तेव्हा कुणी खात्रीनं सांगितलं नसतं. आधीच्या पिढीचा अनुभव त्यांच्यासमोर होता. निकोलाउस हार्नोनकुर्टनं १९५३ साली व्हिएन्नात ‘कॉन्सेन्टस म्युझिकस’ काढला, पण १९६९पर्यंत तो व्हिएन्ना सिंफनीत चेलो वाजवून पगार घेत होता. जुन्या संगीताचा शोध चालायचा तो नोकरी सांभाळून. ग्योबेलच्या पिढीनं शोधालाच धंदा करायचं ठरवलं, आणि त्यासाठी कोलोन हे गाव बरं होतं. तिथल्या रेडिओनं १९५४ साली जुन्या वाद्यांचा ‘कापेला कोलोनिएन्सिस’ हा वाद्यवृंद सुरू केला होता, ध्वनिमुद्रणाची सोय होती, आणि महाविद्यालयात फ्रान्झयोसेफ मायर यांच्यासारखा जुन्या वादनपद्धतीचा जाणकार शिक्षक होता.

या कामाला भांडवल लागतं ते आधी वाद्यांचं. साधं व्हायोलिन पुरत नाही. तारा मेंढीच्या आतड्याच्या. हवेतला दमटपणा बदलला की त्यांचा स्वर हलतो, मैफलीत त्या तुटतातही. धनुष्य हलकं आणि बाहेरच्या बाजूला वाकलेलं. हनुवटीचा टेकू नाही, कारण तो एकोणिसाव्या शतकातला शोध. आज बरोक वादनात ‘ला’ हा स्वर बहुधा ४१५ हर्ट्झवर धरतात, म्हणजे आधुनिक वाद्यवृंदाच्या जवळजवळ अर्धा स्वर खाली. फ्रेंच रचनांसाठी आणखी खाली उतरावं लागतं. हार्प्सिकॉर्डवाल्याच्या कागदावर तर फक्त खर्जाची ओळ आणि तिच्याबरोबर आकडे. उजव्या हातानं काय भरायचं हे त्यानं वाजवतानाच ठरवायचं. समोर संचालक नसतो, आणि चूक झाली तर झाकायला मागे चाळीस माणसंही नसतात.

१९७८पासून ‘आर्काइव्ह’ या लेबलसाठी त्यांची ध्वनिमुद्रणं सुरू झाली, १९७९मध्ये लंडनच्या मैफलीनं नाव झालं, आणि पुढे बाखचे ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टो आले. तिसऱ्या कॉन्चेर्टोचा शेवटचा भाग त्यांनी ज्या वेगानं वाजवलाय तो ऐकून काहींना अजूनही राग येतो. मला तो वेग थोडा आडमुठा वाटतो. पण कंटाळवाणा मुळीच नाही. ग्योबेल ग्रंथालयांत बसणारा माणूस. ड्रेस्डेनच्या दरबारात बाखच्याच काळात योहान डाविड हाइनिखेन हा संगीतकार होता. फारसं कुणी वाजवत नसलेले त्याचे कॉन्चेर्टो ग्योबेलनं पुन्हा मैफलीत आणले. पगारी वाद्यवृंदाला ऋतूभर ठरलेल्या रचना वाजवाव्या लागतात. असल्या संचाला मात्र दरवेळी नवं काहीतरी खणून काढावं लागतं, नाहीतर पुढचं आमंत्रण येत नाही.

बीबर या संगीतकाराच्या रोझरी सोनाटांकडे पाहिलं की अंगमेहनतीची कल्पना येते. सतराव्या शतकातल्या या पंधरा सोनाटा आणि शेवटचा एकल पासाकाल्या. पहिली सोनाटा आणि पासाकाल्या सोडले तर प्रत्येक वेळी तारा वेगळ्या स्वरांत लावायच्या. अकराव्या सोनाटेत मधल्या दोन तारांची जागाच बदलते. कागदावर दिसतो एक स्वर, बोट ठेवलं की निघतो दुसरा. ग्योबेलच्या संचानं हे सगळं ध्वनिमुद्रित केलं.

त्याच सुमारास, १९९०मध्ये, त्याच्या डाव्या हाताची बोटं ऐकेनाशी झाली. स्नायूंवरचा ताबा सुटणारा हा विकार वादकांना नवा नाही. अनेकांची कारकीर्द तिथंच संपते. ग्योबेलनं व्हायोलिन उलटं धरलं. धनुष्य डाव्या हातात घेतलं, तारांवर उजव्या हाताची बोटं ठेवली आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. चाळिशीच्या उंबरठ्यावर, स्वतःच्याच संचाचं नेतृत्व करत असताना! त्यानंतरही दीड दशक संच चालला. २०००मध्ये आलेल्या ‘ल र्‍वा दांस’ या फ्रेंच चित्रपटातल्या लुली या संगीतकाराच्या रचना त्यांनीच वाजवलेल्या. पुढे ग्योबेलनं व्हायोलिन खाली ठेवलं आणि २००६-०७च्या सुमारास संचही थांबवला.

आपल्याकडच्या घराण्यात शिष्य गुरूची गायकी पुढे नेतो. या संचात येणारे यायचे, काही वर्षं कसून वाजवायचे आणि आपापल्या वाटेनं जायचे. अंद्रेआस श्टायर हार्प्सिकॉर्डवर तीन वर्षं राहिला आणि १९८६मध्ये एकल वादनाकडे वळला. आज पियानोच्या जुन्या अवतारावर मोझार्ट-शूबर्ट वाजवणाऱ्यांत त्याचं नाव अग्रभागी आहे. अर्जेंटिनाचा मानफ्रेडो क्रेमर बाहेर पडून ‘द रेअर फ्रूट्स कौन्सिल’ हा स्वतःचा संच काढून बसला. फ्लोरिआन डॉयटरनं ‘हार्मोनी युनिव्हर्सेल’ उभं केलं. चेलोवादक याप टर लिंडन आणि फीबी कराय, व्हायोलिनवादक आंटोन श्टेक हे वाजवता वाजवता शिक्षकही झाले.

अशा वादकाचं उत्पन्न अनेक ठिकाणांहून गोळा होतं: चार संचांत आळीपाळीनं वादन, कार्यशाळा, थोडं शिकवणं, आणि ईस्टरच्या आधीचे ‘पॅशन’चे, म्हणजे येशूच्या अखेरच्या यातनांवरच्या संगीताचे आठवडे. नेदरलँड्समध्ये बाख सोसायटी १९२२पासून नार्डनच्या चर्चमध्ये मॅथ्यू पॅशन सादर करते. त्या देशात तो काळ जुन्या वाद्यांच्या वादकांसाठी सुगीचा. बाकीच्या महिन्यांत मैफल रद्द झाली की त्या दिवसाचा मोबदलाही बुडतो.

ग्योबेलला कायमची खुर्ची मिळाली ती संच बंद झाल्यावर. २०१०मध्ये साल्झबुर्गच्या मोझार्टेउम या संगीत विद्यापीठात त्यानं प्राध्यापक म्हणून हार्नोनकुर्टची जागा घेतली. ज्यांना या संचाची ओळख करून घ्यायची आहे त्यांनी बाखपासून सुरुवात करू नये. आधी हाइनिखेनचे ड्रेस्डेन कॉन्चेर्टो ऐकावेत, मग बीबर. ब्रांडेनबुर्ग शेवटी, आणि तेही आवाज थोडा मोठा ठेवून.