घरी बांधलेली मोटार (लेखांक ६) : चेंबर रस्त्यापासून किती वर?

गेल्या आठवड्यात सस्पेंशन बसलं आणि गाडी पहिल्यांदा स्वतःच्या चाकांवर उभी राहिली. आता जमिनीवर आडवं पडून तिच्या पोटाखाली बघायचं. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या ‘सेव्हन’ धाटणीच्या अनेक गाड्यांखाली सारखंच चित्र दिसतं. चासीचे पाइप एका पातळीत असतात आणि त्यांच्याही खाली इंजिनाचं ऑइल चेंबर आलेलं असतं. त्याच्या मागे क्लचभोवतीच्या बेल हाउसिंगची कड. रस्ता घासणार तो याच दोन जागी.

याचं मूळ या गाड्यांच्या जन्मात आहे. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली लोटस सेव्हन आणली आणि ती सुट्या भागांतही विकली, कारण तयार गाडीवरचा खरेदी कर सुट्या भागांना लागत नव्हता. १९७३ साली व्हॅट आला आणि ती सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅम कंपनीकडे गेले. पण घरी गाडी बांधण्याची हौस टिकली. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांचं अडीचशे पौंडांत स्पोर्ट्‌स कार बांधायला शिकवणारं पुस्तक आलं आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग गॅरेजागॅरेजांत सुटे होऊ लागले. एस्कॉर्ट दुर्मिळ झाली तशी सिएरा आली, पुढे माझदा एमएक्स-५.

सिएरासारख्या नेहमीच्या गाडीचं बॉनेट उंच. तिच्यात इंजिन वर बसतं आणि खाली जागा भरपूर, म्हणून चेंबर खोल ठेवायला कंपनीला काहीच अडचण नव्हती. तेच इंजिन गुडघ्याएवढ्या बॉनेटखाली घालायचं म्हणजे ते खाली सरकवावं लागतं. चेंबरची खोली मात्र तीच राहते.

पहिलं काम मोजण्याचं, आणि ते रिकाम्या गाडीवर कधीच करायचं नाही. गाडीचं वजन सहाशे किलो धरा. दोन माणसं बसली की दीडशे किलोंची, म्हणजे चौथाईची भर पडते. ती बसतात मागच्या चाकांच्या जवळ. शंभर किलो मागे आणि पन्नास पुढे गेले आणि प्रत्येक चाकाशी स्प्रिंग मिलिमीटरला दोन किलो या हिशेबाने दबत असली, तर मागची बाजू २५ मिलिमीटर आणि पुढची १२ मिलिमीटर खाली येते. चेंबर आणि बेल हाउसिंग पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे येतात, म्हणून रिकाम्या गाडीवर मोजलेल्या अंतरातले पंधराएक मिलिमीटर तिथेच जातात. सीटवर वाळूच्या पिशव्या ठेवा, टाकी भरा, टायरमधली हवा नेहमीइतकी करा आणि मग पट्टी लावा.

किती अंतर हवं, हे रस्त्यावरचे गतिरोधक ठरवतात. १९७३ साली इंग्लंडमधल्या वाहतूक संशोधन प्रयोगशाळेच्या वॉट्‌स यांनी ३.७ मीटर लांब आणि १०० मिलिमीटर उंच असा गोलसर उंचवटा सुचवला. आपल्या इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या गतिरोधकाच्या शिफारशीतही नेमकी हीच मापं आहेत. शंभर मिलिमीटर ऐकून छाती दडपते, पण हिशेब वेगळं सांगतो. सेव्हनच्या पुढच्या-मागच्या चाकांत जेमतेम सव्वादोन मीटर अंतर असतं. गाडी उंचवट्याच्या बरोबर मधे आली की चाकंही उतारावर, पण जमिनीपासून चौसष्टएक मिलिमीटर वर असतात. गाडीच्या पोटाकडे येतो तो फक्त उरलेला छत्तीस मिलिमीटरचा माथा. सावकाश गेलात तर काही लागत नाही.

खरा धोका आखूड उंचवट्याचा. इंग्लंड-वेल्सच्या १९९९च्या नियमांनुसार रस्त्यावरचा उंचवटा २५ ते १०० मिलिमीटर उंच आणि किमान ९०० मिलिमीटर लांब असावा लागतो. नऊशे मिलिमीटरचा उंचवटा दोन चाकांच्या मधे सहज मावतो, म्हणजे त्याची पूर्ण उंची पोटाखाली येते. वाहनतळांच्या खाजगी जागेत रबरी पट्ट्या याहूनही आखूड असतात. ७५ मिलिमीटरचा असा उंचवटा आणि वर स्प्रिंग दबण्यासाठी २५ मिलिमीटर, म्हणून ओझ्यासह १०० मिलिमीटर हे मी किमान मानतो.

कमी पडलं तर बहुतेकांचा हात आधी शॉकॲब्सॉर्बरच्या कॉलरकडे जातो. दोन वळसे फिरवले की गाडी वर. या घाईला माझा विरोध आहे. गाडी वर गेली की गुरुत्वमध्यही वर जातो, चाकांचे कोन बदलतात, खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळू लागतं आणि हेडलाइटचा झोत ब्रिटनच्या वार्षिक एमओटी तपासणीत चुकीचा ठरू शकतो. ज्या बुटकेपणासाठी ही गाडी बांधली तोच आपण घालवतो. टायर मोठे करण्यातही फार पदरी पडत नाही. १८५/६० आर १३ काढून १९५/५० आर १५ घातले तर व्यास २४ मिलिमीटरने वाढतो, अंतर मात्र १२. वर स्पीडोमीटर चार टक्के कमी वेग दाखवू लागतो, आणि खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवणं ब्रिटनच्या नियमात बसत नाही.

म्हणून जे खाली येतंय तेच उचलावं. सगळ्यात स्वस्त काम ऑइल काढण्याच्या बोल्टचं. तो चेंबरच्या तळाला असेल तर त्याचं डोकं सर्वांत खाली येतं. भोक बुजवून तो मागच्या बाजूला घेतला की काही मिलिमीटर फुकट मिळतात, आणि घासून बोल्ट उपटण्याची भीतीही जाते.

मग इंजिन ज्यावर टेकतं त्या फाउंडेशनखाली पॅकिंग. बॉनेट आणि एअर फिल्टर यांच्या मधे बोटभर जागा असेल तर इंजिन तेवढं वर घेता येतं. पण इंजिनाच्या दोन्ही बाजूंना आणि गिअरबॉक्सच्या शेपटाकडे सारखंच पॅकिंग द्यायचं. या गाडीत प्रोपेलर शाफ्ट फार आखूड असतो. साठ सेंटिमीटरच्या शाफ्टचं एक टोक १५ मिलिमीटर वर गेलं तर कोन जवळजवळ दीड अंशाने बदलतो. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल समांतर राहिले तर दोन्ही क्रॉसचे कोन सारखे राहतात आणि एकाचा झटका दुसरा पुसतो. फक्त शेपूट उचललंत तर ठरावीक वेगाला सगळी गाडी थरथरेल.

एवढ्याने भागलं नाही तर चेंबर कापायचं. तळ कापून वर घेतला की ऑइलला जागा कमी पडते, म्हणून बाजूंना पंख जोडून ती भरून काढतात. इथे कागद-पेन्सिल घेऊन बसणं आवश्यक आहे. चार लिटर ऑइल २५ बाय २५ सेंटिमीटरच्या चेंबरात ६.४ सेंटिमीटर उभं राहतं. रुंदी ३५ केली तर खोली साडेचारवर येते, म्हणजे जवळजवळ दोन सेंटिमीटरची कमाई. आता गाडी जोरात वळणावर घाला. बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाइतका झाला की ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. जुन्या चेंबरात मध्यावर तेव्हाही पाच सेंटिमीटरहून जास्त ऑइल राहतं. रुंद केलेल्या चेंबरात उरतं जेमतेम अर्धा सेंटिमीटर, आणि ऑइल खेचणारी जाळी मध्यावरच असते. तिने हवा ओढली की बेअरिंगवरचं ऑइल तुटतं आणि क्रँकचे बेअरिंग बघता बघता जळतात. म्हणून पंखांच्या तोंडाशी पत्र्याचे आडोसे आणि आत उघडणारी, बाहेर न उघडणारी छोटी दारं बसवावीच लागतात. जाळीचा पाइपही तेवढाच आखूड करून ती तळापासून सहा ते दहा मिलिमीटरवर ठेवायची. फार टेकली तर ऑइल शिरत नाही.

चेंबर वर गेलं की बेल हाउसिंग सर्वांत खाली उरतं. तिथे कापायला फारसं काही नसतं, कारण आत फ्लायव्हीलचे दाते फिरतात आणि त्यांच्या व्यासाखाली जाता येत नाही. खालची कड थोडी तासता येते, इतकंच. पुढचा मार्ग ड्राय सम्पचा. ऑइल वेगळ्या टाकीत, खाली नुसतं उथळ ताट आणि जास्तीचा पंप. शर्यतीच्या गाडीला हे शोभतं, पण घरच्या गाडीला हा खर्च सहसा परवडत नाही.

चेंबर परत चढवण्याआधी त्यात रॉकेल भरून रात्रभर ठेवा. वेल्डिंगमधलं सुईएवढं भोकही सकाळी ओलं दिसतं. मग मोजून ऑइल ओता, इंजिन थोडं फिरवा, थांबवा आणि डिपस्टिकवर नवी खूण करा. जुनी खूण आता खोटी आहे. पहिल्या फेरीत गोल चौकाला उजवीकडे आणि डावीकडे वळताना ऑइल प्रेशरच्या काट्यावर नजर ठेवा. काटा क्षणभर जरी पडला तरी गाडी थांबवून आडोसे पुन्हा बघायचे.

पुढच्या आठवड्यात रेडिएटर आणि पंखा.