तीन मिनिटांच्या कॉलची छत्तीस हजार पॅकेटं

इंटरनेटवरून फोनवर बोलताना तुमच्या आवाजाचे दर सेकंदाला ५० तुकडे होतात. एकेक तुकडा वीस मिलिसेकंदांचा, त्यामुळे साधा ‘हॅलो’सुद्धा वीसेक पॅकेटांत विभागून निघतो. मधला सर्व्हर दोन्ही बाजूंकडून पन्नास-पन्नास पॅकेटं घेतो आणि दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास पोचवतो. सेकंदाला २०० झाली. ‘जेवलास का?’पासून ‘बरं, ठेवते’पर्यंत तीन मिनिटं गेली, तर ३६,००० पॅकेटं. हा झाला एक कॉल.

असा सर्व्हर किती कॉल पेलेल? हे बघायला हजारो माणसं फोन हातात देऊन बसवता येत नाहीत. त्यासाठी सिप-पी नावाची आज्ञावली आहे. ह्यूलेट-पॅकार्डमधल्या अभियंत्यांनी ती लिहिली आणि जीपीएल परवान्याखाली सगळ्यांना खुली केली. बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची की कॉल सुरू. (‘सिप’ म्हणजे इथे फोन जोडण्याची भाषा, म्युच्युअल फंडाचा मासिक हप्ता नव्हे. आपल्याला ती परकीही नाही: जिओचं जाळं २०१६ साली फक्त फोर-जीवर उभं राहिलं, तेव्हापासून त्यावरचे कॉल याच भाषेत जुळतात.)

वेग सांगितला नाही, तर सिप-पी सेकंदाला १० कॉल करते. दहाच? दिवसाला ते ८,६४,००० होतात. तरीही सर्व्हरचं खरं ओझं कळायला दुसरा आकडा लागतो: एका वेळी चालू कॉल किती. कोपनहेगन टेलिफोन कंपनीतले गणितज्ञ ए. के. एर्लांग यांनी १९१७ साली फोनच्या गर्दीचं जे सूत्र मांडलं, ते आजही वापरात आहे, आणि या ओझ्याचं एककही त्यांच्याच नावाचं आहे. हिशेब शाळकरी आहे. नव्या कॉलचा वेग गुणिले कॉलची लांबी: १० गुणिले १८० सेकंद, म्हणजे १,८०० एर्लांग. आता प्रत्येक कॉलची २०० पॅकेटं धरा. सर्व्हरच्या दारातून दर सेकंदाला ३,६०,००० पॅकेटं ये-जा करू लागतात, तीही न सांगता ठरलेल्या वेगाला.

यंत्र कुठे मोडतं, ते बघणं मात्र खरं मनोरंजक. नवं यंत्र घ्या, त्यावर ॲस्टेरिस्क हा फुकट मिळणारा फोन-सर्व्हर बसवा. एक गिगाबिटची जोडणी या आवाजाला पुरते, कारण साध्या जी-७११ पद्धतीत असे पाच हजारांवर कॉल तीत मावतात. ॲस्टेरिस्कच्या नमुना मांडणीत आवाजासाठी १०,००० ते २०,००० हे पोर्ट (यंत्राची क्रमांक दिलेली दारं) राखलेले असतात. कॉलच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूला दोन पोर्ट, असे चार धरले तर २,५०० कॉल. तेही चालेल. पण लिनक्स एका प्रक्रियेला सहसा १,०२४ फाइली उघडू देतं, आणि असा प्रत्येक पोर्ट त्याच्या लेखी एक फाइलच. १,०२४ भागिले ४. ही मर्यादा कुणी वाढवली नसेल, तर महागडा प्रोसेसर निवांत असताना अडीचशे कॉलांवर सगळं ठप्प!

ती मर्यादा वाढवली, पोर्टही वाढवले असं धरू. सिप-पी चालू असताना फुलीची (*) कळ दाबली की वेग दहानं वाढतो. दोनदा दाबा. सेकंदाला ३० कॉल झाले, आणि तीन मिनिटांनी ५,४०० कॉल चालू असतील. गिगाबिटची तार भरली. दोन कळा!

आता एक गोष्ट, जी जाहिरातीत कुणी छापत नाही. सिप-पीचा तयार प्रसंग मुका असतो. ‘फोन जोड’, ‘घंटी वाजतेय’, ‘उचलला’, ‘कळलं’, ‘ठेवतो’, ‘ठीक’ एवढे सहा निरोप होतात आणि कॉल संपतो; आवाजाचं एकही पॅकेट जात नाही. आवाज पाठवायची सोय तीत आहे, पण ती मुद्दाम मागावी लागते. सहा निरोप कुठे आणि छत्तीस हजार पॅकेटं कुठे! मुक्या कॉलवर मोजलेला विक्रम मला तरी विक्रम वाटत नाही.

तरी या सहा निरोपांतही एक सापळा आहे. यूडीपी या पोच न देणाऱ्या पद्धतीनं पाठवलेल्या ‘फोन जोड’ला अर्ध्या सेकंदात उत्तर आलं नाही, तर सिपच्या २००२ सालच्या नियमानुसार तो निरोप पुन्हा जातो. मग एका सेकंदानं, दोन, चार, अशी दुप्पट वाट बघत, ३२ सेकंदांत एकूण सात वेळा. सेकंदाला १०० कॉल घेणारा सर्व्हर धापा टाकू लागून गप्प झाला, की अर्ध्या मिनिटात त्याच्यावर सेकंदाला ७०० निरोप आदळू लागतात. दमला म्हणून उत्तराला उशीर, उशीर म्हणून आणखी निरोप. सगळे कॉल करणारे नियमानंच वागत असतात, आणि सर्व्हर आडवा होतो.

छोट्या कॉलच्या चाचणीत न सापडणारी चूकही असते. आवाजाच्या पॅकेटांना क्रमांक द्यायला १६ बिट आहेत. ६५,५३६ क्रमांक संपले की मोजणी पुन्हा शून्यापासून, म्हणजे दर २१ मिनिटं ५० सेकंदांनी. ही कोलांटी घेताना एखादं उपकरण चुकत असेल आणि चाचणीतल्या प्रत्येक कॉलची मोजणी शून्यापासूनच सुरू होत असेल, तर तीन-तीन मिनिटांचे लाखभर कॉल करूनही ते कळणार नाही.

आपण चाचणी घेतली नाही, तरी दुसरं कुणी दार वाजवतंच. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली झेडमॅप हे खुलं साधन आणलं. सुमारे ४३० कोटी आयपीव्ही-४ पत्त्यांच्या जगात एखादा पोर्ट कुठे उघडा आहे, ते एका साध्या संगणकावरून पाऊण तासात बघता येतं. सिपचा पोर्ट ५०६० आहे, हे जगजाहीर. सिपव्हिशस या संचातलं एक साधन तर १०० ते ९९९ असे नऊशे अंतर्गत क्रमांक आपणहून चाचपून बघतं. ही साधनं स्वतःच्या किंवा लेखी परवानगी असलेल्या यंत्रणेवरच चालवावीत.

आणि कुणी विक्रेता ‘सेकंदाला हजार कॉल’ म्हणाला, तर एवढं विचारा: आवाजासकट का, आणि किती मिनिटांचे?